पायगतीचा दगड

रॉकलिक, केंटकी
९ मार्च

डेंटन,

खोकं मिळालं. टपालपेटीत मावत नव्हतं म्हणून टपालवाल्या बाईने दारापर्यंत आणून दिलं. आत काचेच्या चौकटीत चकचकीत तबकडी, खाली पितळी पट्टी. पट्टीवर 'दादाचा दिवा', त्याखाली दहा लाख प्रतींचा आकडा आणि त्याखाली 'ऑर्फावहिनीस, प्रेमाने'. प्रेमसुद्धा यंत्राने कोरलेलं आहे, तेव्हा ते तुझ्या हातचं नसावं. चौकट मी कपडे धुण्याच्या खोलीत ठेवली आहे, तोंड भिंतीकडे करून.

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ॲन्सिलला जाऊन वर्ष होऊन गेलं. एवढ्या काळात तूही दोन ओळी लिहिल्या नाहीस, त्यामुळे ठरवलेलं पाळणं जड गेलं नाही. पण एक काम आहे आणि ते तुझ्याकडेच आहे.

आधी अल्बमबद्दल लिहिते, कारण तुझ्या माणसांनी सोबतच्या चिठ्ठीत माझा अभिप्राय मागितला आहे. बारापैकी अकरा गाणी ऐकली. शेवटचं ऐकलेलं नाही.

पहिल्या गाण्यात तुझा दादा पहाटे कपाळाला दिवा बांधून खाणीत उतरतो. ॲन्सिल शाळेची बस चालवायचा. दिवे होते, पण ते बसला. तिसऱ्या गाण्यात तो शनिवारी रात्री पितो आणि आईचं नाव घेऊन रडतो. ॲन्सिल खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा वाचून बघायचा, त्यात दारू तर नाही ना म्हणून. पाचव्यात त्याची छाती काळ्या धुळीने भरते. मी आयुष्यभर जिल्ह्याच्या दवाखान्यात छातीचे एक्स-रे काढले. खाणीतल्या माणसांचे काढले, आणि माझ्या नवऱ्याचाही काढला. त्याची फुप्फुसं स्वच्छ होती. गेली ती मूत्रपिंडं. मूत्रपिंडांवर गाणं होत नाही, हे मला समजतं.

सातव्यात खाणीचं छत कोसळतं आणि तू त्याचा हात हातात धरून बसतोस. ॲन्सिल गेला त्या आठवड्यात तू लास वेगासला होतास. तुझा पुष्पगुच्छ आला होता, गिटारच्या आकाराचा. नवव्यात शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत तू सगळ्यात पुढे, डोक्याकडच्या बाजूला, आणि बर्फ पडतो आहे. बर्फ खरा आहे. ते तुला कुणीतरी सांगितलं असणार.

मी कुठल्याच गाण्यात नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता काम. ऑक्टोबरात मी कामावर असताना तू माणसं आणि ट्रक घेऊन आलास, डोंगरावर ॲन्सिलच्या थडग्याशी मोठा काळा दगड उभा केलास, त्याच्यापुढे गुडघे टेकून फोटो काढून घेतलास आणि अंधार पडायच्या आत गेलास. माझा दगड तेव्हा तयार होता. तो शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. माती बसायला वर्षभर थांबायचं असतं, म्हणून मी थांबले होते. तू थांबला नाहीस.

तुझा दगड पायगतीला बसवला आहे. ॲन्सिलचं डोकं मावळतीकडे आहे आणि पाय उगवतीकडे, म्हणजे उठायच्या दिवशी तोंड सूर्याकडे असावं. तुझे आईवडीलही तसेच आहेत. त्या डोंगरावरचा प्रत्येक जण तसाच आहे. तुझ्या दगडामुळे जो येतो तो उलट समजतो. माझा नवरा आता पाठ फिरवून झोपल्यासारखा दिसतो.

आणि दगडाच्या शेजारी तू येणाऱ्यांना बसायला सिमेंटचं बाकडं टाकलंस. ती जागा रिकामी नाही. ती त्याच्या डाव्या हाताची जागा आहे. उजवीकडे तुझी आई आहे. डावीकडे मी असणार आहे.

ऑक्टोबरातच मी तुझ्या कचेरीत दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा एका मुलीने निरोप लिहून घेतला आणि माझं नाव कसं लिहायचं ते विचारलं.

मे अखेरच्या फुलांच्या रविवारी सगळे थडग्यांवर फुलं वाहायला वर जमतील. त्याआधी दगड उशाला न्यावा आणि बाकडं काढावं. बाकी काही नको.

ऑर्फा


रॉकलिक
४ एप्रिल

डेंटन,

तुझं उत्तर आलं नाही. तुझा कारभार बघणाऱ्या मिस प्रूइट यांचं आलं. त्यांना माझ्या दुःखाचा आदर आहे. पण तो दगड आता अल्बमच्या मुखपृष्ठावर आहे, लोक तो बघायला लांबून येतात, आणि तो जागचा हलवला तर त्यांचा विरस होईल, असं त्या लिहितात. त्याऐवजी त्यांनी मला नॅशव्हिलच्या बक्षीस समारंभाला पुढच्या रांगेत खुर्ची देऊ केली आहे. मला तिकडे काय करायचं आहे, ते त्यांनी लिहिलेलं नाही.

लोक येतात हे खरं आहे. परवा गुरुवारी मी वर गेले तर ओहायोहून आलेलं जोडपं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर तुझ्या दुकानातली दिव्याची टोपी होती. बायको बाकड्यावर बसून सँडविच खात होती. म्हणजे माझ्या छातीवर बसून, असं मला वाटलं.

"इथंच का हो तो?" तिने विचारलं.

"हो."

"अरेरे. बायको ना पोर. एकटाच गेला बिचारा." तिचे डोळे खरंच भरले होते. "तुम्ही ओळखत होता का त्याला?"

"शेजारी होते," मी म्हटलं.

"फार प्यायचा का हो?"

"बस चालवायचा. शाळेची."

नवरा हसला. "नाही हो मावशी! खाणीत होता तो. तुम्ही दुसऱ्याच कुणाचं सांगताय."

त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. "अरे, वय झालंय त्यांचं. होतं असं."

मग तिने मला अर्धं सँडविच दिलं. मी घेतलं. त्या दोघांवर माझा राग नाही. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं.

जाताना त्यांनी दगडाशी व्हिस्कीची बाटली ठेवली. सगळेच ठेवतात. बाटल्या, कोळशाचे तुकडे, दिव्याच्या टोप्या. तुझा चुलतभाऊ एल्डन दर सोमवारी पोतं घेऊन वर जातो आणि सगळं भरून आणतो. प्रार्थनेच्या मंडळींत ॲन्सिलनंतर आता गाण्याची ओळ तोच सांगतो, म्हणून लोकांनी थडग्यावर दारू ठेवलेली त्याला जास्तच लागते. पण स्वभाव तुला माहीत आहे. पोतं खळखळवत अंगणात आला आणि म्हणाला, "ऑर्फा, आपला ॲन्सिल मेल्यावर प्यायला लागला की गं! जिवंतपणी एवढं जमलं असतं तर माझ्याशी जरा बोलला तरी असता."

मी त्या दिवशी हसले. वर्षभरात पहिल्यांदा असेल. त्याबद्दल तुझे आभार मानायला हरकत नाही.

मिस प्रूइट यांना माझ्याकडून सांग, खुर्ची नको. दगड उशाला हवा आहे आणि डावी बाजू मोकळी हवी आहे.

ऑर्फा


रॉकलिक
२८ एप्रिल

डेंटन,

काल फोनवर जे बोललास ते लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे आपल्या दोघांपैकी कुणाच्या तोंडी ते बदलणार नाही. गोष्टी तुझ्या तोंडी लवकर बदलतात.

सुरुवातीला "वहिनी" म्हणालास. तुला काही हवं असलं की मी वहिनी होते, एरवी ऑर्फा.

"वहिनी, दगड नाही गं हलवता येत. लोक कव्हर हातात धरून येतात, तसेच उभे राहून फोटो काढतात. मावळतीचा उजेड बरोब्बर अक्षरांवर पडतो. तो दगड तिकडे नेला तर सगळं अंधारात जाईल."

"ॲन्सिल उलटा झाला आहे," मी म्हटलं.

"तो कुठे उलटा झालाय? तो आहे तिथेच आहे ना! अगं, दोन्ही टोकांना सारखेच धोंडे होते. मला काय माहीत डोकं कुठल्या बाजूला? फोटोवाला म्हणाला उजेड इकडून आहे, म्हटलं लाव इकडे."

मी गप्प बसले. तू पण थोडा वेळ गप्प होतास. मग एकदम मोठ्याने बोलायला लागलास. त्या गप्प बसण्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

"आणि तू गाण्यात नाहीस म्हणून रागावली असशील तर त्यात तुझ्याबद्दल काही नाही. गाण्यात बायको आली की माणूस एकटा राहत नाही. लोकांना एकटा माणूस लागतो."

"ॲन्सिल एकटा नव्हता."

"ते मला माहितीये गं."

"मग बरं आहे. तुला तरी माहीत आहे."

यानंतर मी वहिनी राहिले नाही. "हे बघ ऑर्फा, डोंगर माझ्या नावावर आहे. आईने मला दिलाय. तुला मी नाही म्हणत नाही, पण वरच्या जागेचं पुढे काय करायचं ते ठरतंय. पायऱ्या होतील, कुंपण होईल. तुझी सोय खाली हमरस्त्याच्या दफनभूमीत करतो. चांगली हिरवळ आहे तिथे. गाडी थेट आतपर्यंत जाते."

मेल्यावर मला गाडीची काय सोय हवी, ते मी विचारलं नाही. पण तुझ्या लक्षात यावं म्हणून स्पष्ट लिहिते. ज्या माणसाच्या डाव्या कुशीला मी जन्म काढला, त्याच्या डाव्या कुशीला मला माती मिळावी, यापलीकडे मला कुणाकडून काही नको आहे. ती जागा तू दुसऱ्यांच्या बुडाखाली दिलीस, आणि आता ती माझी नाहीच म्हणतोस. हे तू शुद्धीत बोललास, म्हणून लिहून ठेवलं.

शेवटी म्हणालास की फुलांच्या रविवारी कॅमेरे आणि गिटार घेऊन येतो आहेस, थडग्याशी गाणार आहेस. त्या डोंगरावर आजवर वाद्य गेलेलं नाही. तुझ्या वडिलांच्या वेळी नाही, आईच्या वेळी नाही. एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून लांबवून म्हणायची, एवढंच गाणं तिथे होतं. "काळ बदलला," असं तू म्हणालास. काळ बदलला असेल. आम्ही वर तेच म्हणतो.

त्यावरून आठवलं. एल्डन म्हणतो, अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तू आपल्या मंडळींसारखं गायला आहेस, वाद्यांशिवाय. पण ओळ सांगणाराही तूच आणि मागून म्हणणारी चाळीस माणसंही तूच, यंत्राने एकावर एक रचलेली. एल्डन अंगणात उभा राहून डोळे पुसेपर्यंत हसला. "अख्खी मंडळी एकाच तोंडाची! प्रार्थनेला दुसऱ्या कुणाची गरजच नाही पठ्ठ्याला."

मी ऐकलेलं नाही, त्यामुळे मला मत नाही.

ऑर्फा


रॉकलिक
२२ मे

डेंटन,

फुलांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी एल्डन ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन वर येतो आहे. ॲन्सिलची पेटी ज्यांनी उचलली ते बाकीचे पाचही येत आहेत. दगड आम्ही उशाला नेणार आहोत. डोंगर तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुला अडवायचं असेल तर ये आणि अडव. तोंडाने अडव. मिस प्रूइट यांना पाठवू नकोस. त्यांच्या बुटांनी चढ जमणार नाही.

ऑर्फा


रॉकलिक
३ जून

डेंटन,

रविवारी तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी उत्तर न देता खाली भांडी आवरायला गेले. तिथे माणसं होती. उत्तर इथे लिहिते, पण क्रमाने.

शनिवारी तू आला नाहीस. आम्ही सात जण होतो. गवत कापून झालं, मग एल्डनने तुझ्या दगडाला साखळी घातली. ट्रॅक्टरवर बसल्यावर त्याने वळून विचारलं, "ऑर्फा, ओढू ना?"

इतके दिवस मी तो दगड नीट वाचलाच नव्हता. तिथे गेले की नजर टाळायचे. त्या दिवशी वाचला. ॲन्सिलचं नाव लहान आहे, तुझं त्याहून मोठं. मध्ये गिटार. खाली नवव्या गाण्यातली ओळ कोरली आहे: 'पुढचा खांदा माझा होता, दादा.' आणि हे सगळं पायगतीला उभं आहे.

मी म्हटलं, "थांब. साखळी काढ."

"आता काय झालं?"

"राहू दे तो तिथेच. बाकडं तेवढं उचल."

एल्डनने टोपी मागे सारली आणि बाकीच्यांकडे बघितलं. "बायकांचं काही कळत नाही बाबा. दोन महिने दगड दगड करून माझं डोकं खाल्लंस." पण मग तो उतरला, माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानेही ती ओळ वाचली. एकदा वाचली, परत वाचली. मग नुसतं "अच्छा" म्हणाला. साखळी त्याने स्वतःच काढली.

बाकडं खाली फाट्यावर नेलं आहे, ॲन्सिल बस वळवायचा तिथे. आता शाळेची पोरं त्यावर बसतात आणि एकमेकांना ढकलतात. माझा दगड शेडमधून काढून उशाला बसवला. गुडघ्याएवढाच आहे. त्यावर डावीकडे माझं नाव, उजवीकडे त्याचं, आणि त्याच्या नावाखाली छोटी बस. बस मला नको होती, कारागिराने हौसेने काढली. आता ठीक वाटते.

रविवारी तू आलास. तुझे कॅमेरेवाले वर पोचले नाहीत याचा तुला राग आला असेल. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आपल्या बायकांनी पायथ्याशीच टेबलं मांडली होती आणि आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय पुढे कसं जाऊ द्यायचं? घेवडा, मक्याचा पाव, कोंबडी, मग सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. एल्डनची बायको म्हणत होती, "अगं, किती वाळलाय हा पोरगा, अजून वाढ त्याला." त्यातला एक तर झाडाखाली झोपला. गिटार गाडीतच राहिली. ती तू स्वतः ठेवून आलास, हे मी बघितलं.

तू वर आलास, दगडाकडे निघालास आणि मध्येच थांबलास. दुसऱ्या टोकाला माझा छोटा दगड दिसला. तो वाचलास. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, "म्हणजे... डोकं इकडे आहे?"

पेटी उचलणारे सहाही जण तिथे होते. सहाही जण गवताकडे बघायला लागले. तुझा चेहरा मी बघितला, आणि तेव्हा तुला कळलं असं मला वाटतं. फोनवर कळलं होतं, पण ते तुझ्या एकट्यापुरतं होतं.

मग एल्डनने ओळ सांगितली आणि सगळ्यांनी उचलली. तू माझ्या मागे कुठेतरी होतास. तिसऱ्या ओळीच्या आधी तू श्वास घेतलास, थोडा उशिरा, ओळ निसटते की काय वाटावं इतका उशिरा. ॲन्सिल तसा घ्यायचा. तुझ्या शेवटच्या गाण्यातही तो श्वास एका जागी आहे, त्या चाळीस जणांच्या गर्दीत. मी मागे वळले नाही.

गाणं चालू असताना सगळे रांगेने एकमेकांचा हात हातात घेतात. मी तुझाही घेतला. ती माफी समजू नकोस. तू रांगेत होतास.

हात सोडायच्या आधी तू म्हणालास, "वहिनी, तुझी जागा तुझीच आहे. पायऱ्या नाहीत, कुंपण नाही. कुणी हात लावणार नाही." मला ते तुझ्याकडून मिळवावं लागलं याची लाज वाटते. माझी नाही, तुझी. पण ते एल्डनने ऐकलं आहे, सगळ्यांनी ऐकलं आहे, आणि त्या डोंगरावर बोललेलं बदलत नाही.

मग तू विचारलंस, "माझा दगड का नाही हलवलास?"

उत्तर असं आहे. ॲन्सिलला वर नेलं त्या दिवशी चढावर बर्फ होता. पेटी तीनदा खाली ठेवावी लागली. ज्याने तिला हात लावला, त्याला डोकं कुठे आणि पाय कुठे हे जन्मभर विचारावं लागत नाही. डोकं जड असतं, चढावर ते पुढे ठेवतात, आणि वर पोचल्यावर सगळ्यांनी मिळून पेटी फिरवावी लागते. ज्याने ती फिरवली तो उजेड बघून दगड लावत नाही.

दहा लाख घरांत तो फोटो आहे. मावळतीचा उजेड, तू गुडघ्यावर, कपाळ दगडाला टेकलेलं, आणि दगडावर लिहिलं आहे की पुढचा खांदा तुझा होता. बाहेरच्यांना काही कळणार नाही. पण रॉकलिकमध्ये कुणाच्याही हातात तो फोटो दे. तू तिथे नव्हतास हे पोरंसुद्धा सांगतील. तू ते स्वतः दगडात कोरून घेतलंस, छापून घेतलंस आणि सगळीकडे पाठवलंस. तेवढी एकच खरी गोष्ट त्या अल्बममध्ये आहे. ती मी का हलवू? तू त्याच्या पायांशी आहेस, आणि तिथे बरा आहेस.

तुझी चौकट अजून कपडे धुण्याच्या खोलीतच आहे.

आणखी एक, मग बास. सहा जणांपैकी हॉबर्टचा गुडघा गेला आहे. रविवारी वर यायला त्याला दोघांनी धरावं लागलं. माझ्या वेळी पाचच उरतील आणि माझी पेटी काही हलकी असणार नाही. मला कुणाला विनवायची सवय नाही, म्हणून नुसतं कळवते. निरोप मिळाला आणि त्या दिवशी तुझा कुठे कार्यक्रम नसला, तर ये. गिटारचा गुच्छ पाठवू नकोस.

डोक्याकडची बाजू एल्डनची आहे, ती मागू नकोस. तू पायांकडून धर. ती बाजू कुठली, ते तुला आता माहीत आहे.

ऑर्फा